मामाच्या फाईलमधलं कात्रण

ऐरोली, रविवार

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू वैतागली होतीस. कॉलेजात शिकवलं की विज्ञानाच्या बातमीत भावना आणायची नाही, आणि आता बातम्यांच्या डेस्कवरून रोज ऐकवतात, "जरा इमोशनल कर, लोक वाचतील." मग खरं कोणाचं, असं विचारलंस. कुकर लावला होता, धड बोलणं झालं नाही. म्हणून लिहायला बसले.

मामाच्या आजारपणातली एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तू तेव्हा चौथीत होतीस. एका सकाळी पेपरात मोठ्या अक्षरांत आलं होतं: कॅन्सरवर नवं औषध, गाठ पूर्ण विरघळली. मी कात्रीने बातमी कापली, त्याच्या फाईलमध्ये सगळ्या रिपोर्टांच्या वर लावली आणि ठाण्याहून लोकल पकडली. घाटकोपर येईपर्यंत तीनदा वाचली असेन, पण दरवेळी वरचा अर्धा भागच. डॉक्टरांनी मात्र शेवटपर्यंत वाचली आणि तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. "ताई, हा प्रयोग उंदरांवरचा आहे." मग समजावून सांगितलं, की पुढे माणसांवरच्या चाचण्यांचे टप्पे असतात, त्यात वर्षं जातात आणि बहुतेक औषधं वाटेतच गळतात. संध्याकाळी मामाने विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "बघू म्हणाले." त्याने उशी नीट करून मागितली आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

सई, त्या बातमीत खोटं एक अक्षर नव्हतं. आनंद पहिल्या ओळीत होता आणि उंदीर शेवटच्या. एवढंच. पण त्या एवढ्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. लिहिणाऱ्याला वाटलं असेल, वाचक आहेत, आवडीने वाचतील. घरात आजारी माणूस असलेलं कुणीतरी ती कापून पर्समध्ये ठेवेल, हे त्याच्या मनातही आलं नसेल.

पण म्हणून तू कोरडं लिही, असंही मी म्हणणार नाही. ऐरोलीच्या पुलावर बसच्या खिडकीतून पहिल्यांदा फ्लेमिंगो दिसले तेव्हा तू माझा पदर ओढून ओढून विचारत होतीस, "यांना रंग कोणी लावला?" चिखलातलं शेवाळ आणि बारीक कोळंबीसारखे जीव खाऊन ते गुलाबी होतात, पिल्लं तर करडीच असतात, हे आपण दोघींनी मग शोधून काढलं. आधी जीव हरखला, म्हणून प्रश्न पडला.

आणि २० मे २०२४ ची ती रात्र. मुंबई विमानतळावर उतरणाऱ्या विमानाची घाटकोपरला धडक बसून तीसहून जास्त फ्लेमिंगो गेले. दुसऱ्या दिवशी तू फोनवर रडलीस. रडून झाल्यावर म्हणालीस, "आई, भरतीला खाडीचा चिखल पाण्याखाली जातो, तेव्हा हे बसतात कुठे?" तिथून तू नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांपर्यंत गेलीस. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, पण त्या रेषेबाहेरची तळी बुजली तर भरतीच्या वेळी पक्ष्यांना टेकायला जागा उरणार नाही, हे मला तुझ्या लेखातून कळलं. त्यात "हृदयद्रावक" हा शब्द एकदाही नव्हता. तरी वाचताना माझ्या घशात आवंढा आला.

डेस्कवाले म्हणतात ती भावना वेगळी. ती वरून पेरलेली असते, भाजीवर कोथिंबीर भुरभुरावी तशी. तुझं रडू तुला पाणथळीपर्यंत घेऊन गेलं. ते सोडू नकोस.

परवा त्या नव्या औषधाची बातमी करायची आहे म्हणालीस ना? कोणावर तपासलंय, किती जणांवर, ते पहिल्याच ओळीत घाल. मथळा बदलायला लागले तर भांड.

मामाची फाईल माळ्यावर आहे. कात्रण पिवळं पडलंय, घडीवर फाटलंय. पुढच्या रविवारी आलीस की स्टूल धर, मी काढते.

तुझी,
आई