सूचना : रविवारच्या प्रभुभोजनाआधी

प्रिय मंडळी, सलाम.

येत्या रविवारी उपासनेत प्रभुभोजन, म्हणजे प्रभू येशूच्या आठवणीत भाकर व प्याला घेण्याचा विधी, आहे. उपासना साडेनऊला, गायनमंडळाने नऊला यावे.

त्याआधी घरी सर्वांनी मिळून बायबलमधील १ करिंथ ११:१७-३४ (प्रेषित पौलाचे करिंथच्या मंडळीला पत्र) वाचावे. करिंथच्या मंडळीत भाकर होती, प्यालाही होता, तरी पौलाने त्यांना खडसावले. कारण काही जण आपापले जेवण आधीच उरकत आणि गरीब भाऊबहिणी उपाशी राहत. आपल्याकडे तसे होत नाही म्हणून खूश व्हायला नको. प्रीतिभोजनाच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसायचे टाळते, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

कोणाशी अबोला असेल तर मत्तय ५:२३-२४ प्रमाणे आधी समेट, मग अर्पण. शनिवारपर्यंत भेटून यावे, निदान फोन करावा. व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडलेले चित्र पाठवले म्हणजे समेट झाला, असे नाही.

पेटी-तबल्याची तयारी छान चालली आहे. पण न्याय नसेल तर तुमची गाणीही नकोत, असे देव आमोस ५:२३-२४ मध्ये बजावतो. गायनमंडळाने तेवढे जरूर वाचावे.

आजारी व वयस्क सभासदांना घरी प्रभुभोजन हवे असल्यास शुक्रवारपर्यंत पाळकसाहेबांना कळवावे.

— सेक्रेटरी, पंच कमिटी