साहेब, तुमचा अधिकारी बाहेरच उभा राहू द्या

मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका यांस,

स. न. वि. वि.

माझे वडील अग्निशमन दलातून प्रमुख अग्निशामक म्हणून निवृत्त झाले. आम्ही त्यांना दादा म्हणतो. ‘प्रमुख’ ऐकून लोकांना मोठे साहेब वाटतात. खरं तर साध्या अग्निशामकाच्या वरची ती पहिलीच पायरी.

काही वर्षांपूर्वी गिरगावात आमच्या मागच्या चाळीत मीटरच्या खोलीनं पेट घेतला. बंब आले. जिना धुरानं गच्च. पाठीवर हवेचे सिलिंडर बांधलेले जवान दोघे-दोघे करून आत शिरत होते. त्यांचा अधिकारी मात्र जिन्याच्या तोंडाशी वॉकीटॉकी धरून उभा. आत जाणाऱ्याला खांद्याला धरून थांबवायचा, सिलिंडरचा काटा बघायचा, वहीत वेळ टिपायचा. गर्दीतून कुणी ओरडलं, "साहेब, नुसते उभे काय राहिलात? वर माणसं आहेत!" माझ्याही तोंडावर तेच आलं होतं. शेजारी दादा उभे होते. म्हणाले, "तो उभा आहे म्हणून आतली पोरं परत येतील."

हे पत्र त्या उभ्या माणसाबद्दल आहे.

आगीची वर्दी आली की जवळच्या अग्निशमन केंद्राचा अधिकारी पहिला पोचतो आणि तेवढ्यापुरता सगळा कारभार त्याच्या हाती. आग वाढत गेली की विभागीय अधिकारी, मग उपप्रमुख, शेवटी प्रमुख अग्निशमन अधिकारी. जो वरचा येईल त्याच्याकडे सूत्रं. कागदावर ही उतरंड चोख आहे. पण सूत्रं घेणं म्हणजे स्वतः आत घुसणं नव्हे, हे आपण दलाच्या हाडीमाशी किती रुजवलंय?

14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ दुपारपासून जळत होतं. जहाजात कापूस आणि स्फोटकं. ते बाहेर ओढायचं की जागीच बुडवायचं, यावर धक्क्यावर मतं पडत राहिली. पण ज्याचा शब्द अखेरचा, असा माणूसच नव्हता. चारच्या सुमारास ते फुटलं. दलाचे 66 जण गेले. दर 14 एप्रिलला आपण त्यांना मानवंदना देतो. कोण ठरवणार होतं, हा प्रश्न मात्र त्या कार्यक्रमात कुणी काढत नाही.

आणि 9 मे 2015, काळबादेवीचं गोकुळ निवास. जुनी लाकडी इमारत आतून ढासळली. त्या एका आगीनं प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर, उपप्रमुख सुधीर अमीन आणि त्यांच्यासोबत संजय राणे, महेंद्र देसाई हे अधिकारी नेले. त्यांच्या धाडसाकडे बोट दाखवायची माझी लायकी नाही. एवढंच विचारते, दलाच्या उतरंडीतल्या वरच्या पायऱ्या एकाच जिन्यात का सापडाव्यात?

म्हणून मागणं. आग मोठी ठरताच एक अधिकारी फक्त सुरक्षेसाठी नेमा. इमारत कुरकुरतेय का, आत किती गेले, किती आले, एवढंच त्याचं काम. त्यानं ‘बाहेर या’ म्हटलं की हुद्द्यानं मोठ्या माणसानंही बाहेर यायचं. हे लेखी हवं. तोंडी सगळेच मान्य करतात.

दुसरं, जिथं जिथं एखाद्या पदाचा कारभार ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून चालतो तिथं कायमचा माणूस द्या. उसन्या खुर्चीवर बसलेल्याला कठोर हुकूम देणं जड जातं. आमच्या बँकेतही हेच बघितलंय, पण तिथं फार तर फाईल जळते.

2006 च्या राज्याच्या आग प्रतिबंधक कायद्यानं इमारतींची तपासणी दलाच्या अंगावर आहे, ती व्हायलाच हवी. पण केंद्र अधिकाऱ्याची सकाळ ना हरकत दाखल्यांच्या फायलींत गेली, तर कवायत घ्यायची कुणी? त्या कामाला वेगळी फळी असावी.

आणि आम्हा नागरिकांसाठीही एक करा. वॉर्डात मॉक ड्रिल होते तेव्हा लोक शिडीचे फोटो काढून घरी जातात. पुढच्या वेळी त्या उभ्या अधिकाऱ्याला पुढे बोलवा. वही दाखवून तो काय लिहितो ते सांगू द्या.

कळावे,
गिरगावातील एक करदाती