फळी तोडण्याच्या सरावाकडे कसे पाहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कराटे किंवा तायक्वांदोच्या प्रात्यक्षिकाची बातमी असली, की तिच्यासोबत बहुधा एकाच प्रकारचे छायाचित्र छापले जाते: एकावर एक रचलेल्या फळ्या किंवा कौले आणि त्यांवर आवेशाने आदळणारा हात. हे छायाचित्र खोटे नसते. मात्र त्यामुळे फळी तोडणे म्हणजे निव्वळ ताकदीचा देखावा, असा समज पक्का होत जातो. प्रौढ वयात कराटे शिकू लागलेली एक विद्यार्थिनी म्हणून या सरावाबद्दल थोडे सविस्तर लिहावेसे वाटते.

कराटेत याला तामेशिवारी म्हणतात. क्योकुशिन शैलीचे संस्थापक मासुतात्सू ओयामा यांच्यामुळे या प्रकाराला जगभर प्रसिद्धी मिळाली. ऑलिंपिकमध्ये तायक्वांदोची पदके २००० सालच्या सिडनीपासून दिली जात आहेत आणि टोकियोत कराटेच्याही स्पर्धा झाल्या, पण दोन्हींत फळी तोडण्याला स्थान नव्हते. मला ते योग्यच वाटते, कारण या सरावाचा खरा उपयोग स्वतःची स्वतःशी तुलना करण्यासाठी आहे. काटा, म्हणजे ठरावीक हालचालींचा क्रम, कितपत जमला हे शिक्षकांच्या नजरेवर ठरते; कुमितेत, म्हणजे जोडीदाराशी होणाऱ्या लढतीत, बरेच काही समोरच्यावर अवलंबून असते. फळीला मात्र कोणाची भीड नसते.

मायकेल फेल्ड, रोनाल्ड मॅकनेअर आणि स्टीफन विल्क या तिघांनी कराटेच्या प्रहारांचा अभ्यास करून १९७९ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यावर लेख लिहिला होता. त्यांपैकी मॅकनेअर हे भौतिकशास्त्रज्ञ तर होतेच, शिवाय स्वतः ब्लॅक बेल्टधारक होते आणि पुढे अंतराळवीरही झाले. हात पूर्ण सरळ होण्याच्या आधीच, सुमारे तीन चतुर्थांश लांबलेला असताना, मुठीचा वेग सर्वाधिक असतो, हे अशा मोजमापांतून स्पष्ट झाले. फळीवर नव्हे, फळीच्या मागे मारा, असे प्रत्येक शिक्षक का सांगतो, याचे उत्तर त्यात आहे. शिवाय गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, किरकोळ बांध्याच्या व्यक्तीलाही वेग आणि नेमकेपणा यांच्या जोरावर फळी तोडता येते. फळी लाकडाच्या रेषांच्या दिशेने तुटावी अशीच धरलेली असते, हे खरे. पण ती नवख्याची सोय आहे, फसवणूक नव्हे.

अडचण येते ती शेवटच्या क्षणी. कठीण वस्तू जवळ आली की हात आपोआप आखडतो, आणि फळी तुटली नाही तर आघाताचा मोठा भाग हातालाच सोसावा लागतो. त्यामुळे बिचकत मारलेला ठोसा जास्त लागतो. हे डोक्याला लवकर पटते, खांद्याला पटायला फार वेळ लागतो; आणि माझ्या मते सरावातला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे. सुरुवातीला फळी तुटली की नाही, एवढेच मला कळत असे. आता मी इतर गोष्टी पाहते. तर्जनी आणि मधल्या बोटाची पेरे मधोमध टेकली की आघात करंगळीकडे सरकला, नंतर हात झिणझिणतो का, ठोशापूर्वी मी श्वास रोखून धरला होता का, हे सारे त्या एका प्रहारातून समजते. कोपरे ताठ ठेवून आणि चेहरा बाजूला वळवून फळी धरणारी माझी सहाध्यायी पूर्वी प्रत्येक वेळी मागे ढकलली जात असे. आता फळी दुभंगते तेव्हा तिच्या हातांना जेमतेम हिसका बसतो, असे ती सांगते. पूर्वी जी फळी उजव्या हातालाही दाद देत नसे, तशीच फळी आता डाव्या हाताने तुटते. फळ्यांची संख्या वाढवून हा फरक कधीच दिसला नसता.

म्हणूनच पुन्हा जोडता येणाऱ्या प्लॅस्टिकच्या फळ्यांना नाके मुरडणे मला पटत नाही. लाकडाची फळी गाठ, ओलावा आणि जाडी यांनुसार बदलते, त्यामुळे आज ती सहज तुटली ती माझ्या प्रगतीमुळे की लाकूड ठिसूळ होते म्हणून, हे सांगता येत नाही. प्लॅस्टिकच्या फळीचा विरोध बराचसा सारखा राहतो आणि तुलना प्रामाणिक होते.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र सावधगिरी हवीच. त्यांच्या हाडांच्या टोकांशी वाढ होत असलेली कुर्चा नाजूक असते. तिथे झालेली इजा हाडाच्या वाढीवरच परिणाम करू शकते. पट्ट्याच्या परीक्षेत पालक पाहत आहेत म्हणून मुलांना मुठीने जाड फळी तोडायला लावणे शिक्षकांनी टाळावे, आणि पालकांनीही तसा आग्रह धरू नये.

आपल्या दैनिकास विनंती अशी, की अशा प्रात्यक्षिकांचे वृत्त देताना किती फळ्या तुटल्या यासोबत तो विद्यार्थी किती काळ शिकत आहे, त्याची तयारी कशी करून घेतली आणि फळी कोणत्या प्रकारची होती, हेही दोन ओळींत द्यावे. छायाचित्र पाहून घरी विटेवर हात आजमावू पाहणाऱ्या मुलांसाठी तेवढी माहिती फार उपयोगाची ठरेल.

आपली नम्र,
कराटेची एक विद्यार्थिनी