मॅडम, तुम्ही पेन खाली ठेवलंत

मॅडम नमस्कार,

ह्यांचं हिमोग्लोबिन काल ११.४ आलं. रिपोर्ट घेऊन लॅबच्या पायरीवरच बसून रडले आणि आज तुम्हाला लिहायला घेतलं.

सासूबाईंनी किडनी दिली, क्रिएटिनिन छान उतरलं, म्हणजे किडनी नीट काम करायला लागली, आणि तिसऱ्या महिन्यात ह्यांना जिना चढवेना. हिमोग्लोबिन ५. आधीच्या ठिकाणी रक्ताच्या पिशव्या लावल्या, आयर्न दिलं, लाल पेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं दिली, आठ-दहा दिवसांत परत खाली. व्हायरस असेल का विचारलं तर अँटिबॉडी टेस्ट निगेटिव्ह आहे म्हणाले, विषय संपला. वर गोळ्या नीट घेत नसतील हेही ऐकवलं. अलार्म लावून देत होते हो मी गोळ्या, एक डोस चुकला नाही!

तुम्ही आधी रेटिक काउंट बघितलात. जवळजवळ शून्य, म्हणजे नवीन लाल पेशी बनतच नव्हत्या. आणि म्हणालात की किडनी टिकावी म्हणून प्रतिकारशक्तीच दाबून ठेवलीय, तर अँटिबॉडी बनणार कुठून, त्या निगेटिव्हवर विसंबायचं नाही, पीसीआर करून थेट व्हायरसच शोधायचा. सापडला. पार्व्होव्हायरस बी१९, लाल पेशी बनणंच थांबवणारा.

मग तुम्ही विचारलंत, घरात लहान मूल आहे का, मध्यंतरी गाल लाल झाले होते का. झाले होते, थोबाडीत मारल्यासारखे लालबुंद, आम्ही उन्हाने झाले समजलो. माझा चेहरा बघितलात बहुतेक, कारण तुम्ही लिहिता लिहिता थांबलात, पेन खाली ठेवलंत आणि म्हणालात, "हा मुलांमध्ये सर्रास फिरतो, दिलेल्या किडनीतूनही येऊ शकतो, कुठून आला हे कोणीच सांगू शकत नाही. तुमच्या मुलीला हे कधी कळू द्यायचं नाही. आणि आजींनाही नाही."

एवढ्या गर्दीच्या ओपीडीत, बाहेर चाळीस पेशंट ताटकळत असताना, समोर नसलेल्या सात वर्षांच्या पोरीचा आणि एका म्हातारीचा विचार करायचा... शिकलेले डॉक्टर खूप भेटले मॅडम, असं माणूस नाही भेटलं.

पुढे इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडी दिल्यात, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांचे डोस कमी केलेत, रेटिक वर आला. ते सगळं फाईलमध्ये आहेच.

तुमचं नाव इथे लिहायचं फार मनात होतं. पण मग आम्ही कोण ते ओळखू येईल, आणि पोरगी आता माझ्या मोबाईलवरचं सगळं वाचायला शिकलीय.