एका अक्षरापायी सोडलेलं घर

लेस्टर, १२ ऑक्टोबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "एवढं देखणं घर घ्यायचं सोडलंत ते एका अक्षरापायी?" छोटी रडत होती, मला नीट बोलता आलं नाही. म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे.

पण आधी आईशी बोलायचंय. आई, मागच्या खेपेला तू जानेवारीत इथे होतीस. एका पहाटे मी पाणी प्यायला खाली उतरले, तर तू स्वयंपाकघरात गुडघ्यांना शाल गुंडाळून शेगडीजवळ बसली होतीस. "झोप झाली माझी," म्हणालीस. थंडी वाजते असं महिन्याभरात एकदाही बोलली नाहीस, कारण हीटर वाढवला की बिल वाढतं हे तुझ्या कानावर आलं होतं. घर शोधायला लागलो तेव्हा सगळ्यात आधी मला ती पहाट आठवली.

इथे इंग्लंडमध्ये घर विकायचं किंवा भाड्याने द्यायचं तर त्याचा ऊर्जा दाखला लागतो, त्याला ईपीसी म्हणतात. बाबा, फ्रीज घेताना तुम्ही तारे मोजून घेतले होतेत, तसंच हे. ताऱ्यांऐवजी ए ते जी अशी अक्षरं. ए सगळ्यात चांगलं, जी सगळ्यात वाईट. अक्षरामागे गुण असतात: ६९ ते ८० म्हणजे सी, ३९ ते ५४ म्हणजे ई. दाखला दहा वर्षं चालतो आणि सरकारी नोंदवहीत कुणालाही पत्त्यावरून फुकट बघता येतो.

आत्ताच्या भाड्याच्या घराचा दाखला संपला तेव्हा तपासनीस आला होता. मी त्याच्या मागे मागे फिरले. तो शिडी लावून माळ्यावर चढला आणि तिथे ऊब टिकायला अंथरलेल्या काचलोकरीची जाडी टेपने मोजली. २७० मिलिमीटर हवी, आमच्याकडे जेमतेम शंभर निघाली. बाहेरच्या भिंतीची जाडी बघितली, बॉयलरवरच्या पट्टीचा फोटो काढला, दिवे मोजले. बिलं दाखवू का विचारलं, तर नको म्हणाला. कोण किती हीटर लावतं हे तो बघतच नाही. बैठकीची खोली २१ अंशांवर आणि बाकीचं घर १८ वर ठेवलं तर किती खर्च येईल, एवढंच गणित. त्यामुळे आपलं खरं बिल त्याच्याशी तंतोतंत जुळत नाही. पण दोन घरं शेजारी शेजारी ठेवून पारखायला त्यासारखं दुसरं काही नाही.

या घराला ४१ गुण मिळाले. १ एप्रिल २०१८ पासून नव्या भाडेकरारांना आणि २०२० पासून जुन्यांनाही किमान ई लागतं. म्हणजे दोन गुणांनी कायद्यात बसणारं घर. मालकाकडे दोनदा तक्रार केली, त्याने तेच अक्षर पुढे केलं. इकडे रोज सकाळी मी खिडक्यांच्या काचांवरचं पाणी टॉवेलने टिपते आणि टॉवेल पिळून काढावा लागतो. छोटीचं कपाट भिंतीपासून ओढलं तर मागे काळी बुरशी, आणि आई, तू विणलेल्या तिच्या लाल स्वेटरच्या पाठीवर तिचेच ठिपके. तो मी फेकला नाही, तीनदा धुतला. तिचा खोकला गेल्या हिवाळ्यात फेब्रुवारीपर्यंत हटला नाही.

आता ते देखणं घर. विटांचं, १८९० च्या सुमाराचं, पुढे गोलसर खिडकी. मलाही फार आवडलं होतं. पण अक्षर आडवं आलं, कारण त्या काळच्या भिंती भरीव विटांच्या. मध्ये पोकळी नाही, त्यामुळे तिथे लोकर भरता येत नाही. भिंतीला आतून किंवा बाहेरून जाड अस्तरच चढवावं लागतं. दाखल्यावर त्या कामाचा अंदाज लिहिला होता: चार हजार ते चौदा हजार पौंड. शिवाय आतून केलं तर खोल्या लहान होतात. विकणाऱ्यावर किमान अक्षराचं बंधन नाही, तो जी असलेलं घरही विकू शकतो. बघायचं ते घेणाऱ्याने. आपल्या सांगलीत घर बघताना आपण वारा, ऊन आणि पाणी बघतो. इथे घर ऊब किती धरून ठेवतं ते बघायचं, हे मला दोन हिवाळे काढल्यावर कळलं.

घेतलेलं घर साधं आहे, साठच्या दशकातलं, चौकोनी. पण दुहेरी भिंतीतली पोकळी भरलेली आहे, माळ्यावर पूर्ण थर आहे, गुण ७२, म्हणजे सी. ताबा नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. खालची खोली तुमच्यासाठी ठेवली आहे, दक्षिणेकडे खिडकी आहे, आणि आईला जिना चढावा लागणार नाही.

या वेळी थंडीतच या. आई, बिलाचा विचार मनात आणायचा नाही आणि थंडी वाजली तर सांगायचं, तुला माझी शपथ आहे असं समज. दोन्ही गोधड्या मात्र आण, छोटी त्यांच्याशिवाय झोपत नाही. बाबा, दोघांच्या पासपोर्टची मुदत बघून कळवा, म्हणजे डिसेंबरची तिकिटं काढते.

तुमची,
ताई