औषध नाहीसे झाले, पण त्याच्या तुकड्यांचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांडपाण्यातील औषधांचे अंश गॅमा किरणांनी किंवा अतिनील प्रकाशाने ‘नष्ट’ करता येतात, असे हल्ली वारंवार वाचनात येते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षे काम केलेल्या मला ‘नष्ट’ हा शब्द खटकतो. रक्तदाबावरील अ‍ॅटेनोलॉल व मेटोप्रोलॉल, दम्यावरील साल्ब्युटामॉल आणि क्षयरोगावरील इथॅम्बुटॉल ही सारी अमिनो अल्कोहोल गटातली, म्हणजे रेणूत नायट्रोजनचा अमिनो भाग आणि अल्कोहोलचा भाग असे दोन्ही असलेली औषधे आहेत. त्यांपैकी अ‍ॅटेनोलॉल तर लघवीवाटे बहुतांशी जसेच्या तसे बाहेर पडून गटारात पोहोचते.

अशा विरल द्रावणात गॅमा किरण औषधाच्या रेणूवर थेट क्वचितच आदळतो. तो पाण्याचे रेणू फोडतो आणि त्यातून निघालेला हायड्रॉक्सिल मूलक (रेणूचा अतिशय क्रियाशील तुकडा) औषधाच्या रेणूतला हायड्रोजन हिसकावून घेतो. अतिनील दिव्याखालच्या पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड घातले, तरी हाच मूलक तयार होतो. त्यापुढे रेणू कुठे तुटणार, हे मात्र पाण्याचा सामू (पीएच) ठरवतो. या गटातले सर्वांत साधे इथेनॉलअमाइन घेतले, तर ७ च्या आसपासच्या सामूला त्याच्या नायट्रोजनवर धनभार असतो. मूलक तेव्हा अल्कोहोलच्या बाजूचा हायड्रोजन काढतो, अमोनिया सुटतो आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड उरते. सामू ९.५ च्या वर गेला की नायट्रोजनवरचा धनभार जातो, मूलक त्याच्यावरच घाला घालू शकतो, दोन कार्बनमधला बंध तुटतो आणि फॉर्माल्डिहाइड हाती येते.

आम्ही नायट्रोजन वायू सोडून प्राणवायू काढून टाकलेले हे द्रावण नळ्यांत बंद करून गॅमा चेंबरमध्ये, म्हणजे गॅमा किरणांचा मारा करणाऱ्या बंदिस्त यंत्रात, ठेवत असू. बाहेर काढल्यावर नळ्यांची काच तपकिरी पडलेली असे आणि आतले पाणी मात्र पूर्वीइतकेच नितळ दिसे. त्यात अल्डिहाइड ओळखणारा डीएनपीचा अभिकारक टाकला की पिवळा साका बसे, तेव्हाच अल्डिहाइड झाल्याचे कळे.

उघड्या टाकीतल्या पाण्यात तर प्राणवायू असतो. तो कार्बनवरच्या मूलकाला तत्काळ जाऊन मिळतो आणि विघटनाची वाटच बदलते, त्यामुळे बंद नळीतले निष्कर्ष सांडपाणी प्रकल्पाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. अहमदाबादेत भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्राने कोबाल्ट-६० हा गॅमा किरणांचा स्रोत वापरून सांडपाण्याचा गाळ निर्जंतुक केला जातो. ते काम मोलाचे आहे, पण जंतू मारणे आणि रेणूचा पाणी व कार्बन डायऑक्साइडपर्यंत पूर्ण विघटन करणे ही दोन वेगळी कामे आहेत.

मी या तंत्राच्या विरोधात मुळीच नाही. ते आपल्याकडे यावे, अशीच माझी इच्छा आहे. परंतु अशा प्रकल्पाची चाचणी घेताना मूळ औषध किती टक्के घटले, एवढ्यावर पालिकांनी समाधान मानू नये. प्रक्रियेआधीचा व नंतरचा सामू, विरघळलेला प्राणवायू, अमोनिया, अल्डिहाइडे आणि एकूण सेंद्रिय कार्बन यांचे आकडे अहवालात सक्तीचे करावेत आणि ते अहवाल नागरिकांना पाहण्यास खुले ठेवावेत, ही विनंती.

आपला,
प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला एक वाचक, ठाणे