परत येताना पण चालतच का?

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

'मी सहा महिने अमेरिकेतल्या ॲपलाचियन ट्रेल या डोंगरवाटेवर चालायला जातेय' असा एक मेसेज सगळ्यांना टाकून तू मोकळी झालीस आणि उत्तरं द्यायला मला बसवलंस. तुला फोन करायला लोक कचरतात. तुझ्या आईला करायला कुणीही कचरत नाही. त्यामुळे सध्या मी चौकशीची खिडकी झाले आहे. यातलं बरंचसं तुझ्या कानावर येणारही नाही, म्हणून लिहून पाठवते. काही काही गोष्टी वाया जाऊ देण्यासारख्या नाहीत.

पहिला मान मोठ्या काकांचा. त्यांनी अंतर विचारलं. मी सांगितलं, जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिन डोंगरापर्यंत, चौदा राज्यांतून, साधारण ३,५०० किलोमीटर. काकांनी खिशातून पेन काढलं, टेबलावरचं विजेचं बिल उलटं केलं आणि गणित मांडलं. माणूस तासाला ४ किलोमीटर चालतो, म्हणजे ८७५ तास, भागिले २४. उत्तराखाली दोन रेघा मारून म्हणाले, "सदतीस दिवसांचं काम आहे. सहा महिने कशाला लागतात तिला?" मी म्हटलं, भाऊजी, झोपायचं कधी? जरा विचार करून म्हणाले, "बरं, आठ तास झोपेचे धर." नवं उत्तर पंचावन्न दिवस. मग मी जेवण काढलं, पाऊस काढला, कपडे धुणं काढलं, आणि काका प्रत्येक वेळी एखादा तास नाइलाजाने सोडत गेले. शेवटी मी चढ काढले. या वाटेवरचे सगळे चढ एकावर एक रचले तर समुद्रसपाटीपासून एव्हरेस्ट सोळा वेळा चढल्याइतके भरतात. तेव्हा कुठे त्यांनी पेनाला टोपण लावलं. बिल मात्र घडी करून खिशात ठेवलं आहे, तेव्हा विषय संपलेला नाही.

आत्याने वेगळीच दिशा धरली. स्वयंपाकघरात माझ्या मागोमाग आली, आवाज खाली आणला आणि म्हणाली, "खरं सांग वहिनी, काही झालंय का तिचं?" मी म्हटलं, काही नाही. नोकरी गेली का? नाही, सुट्टी घेतलीय. कुणी फसवलं का? नाही. कर्ज? नाही गं बाई. तिला काही ते पटेना. सुखात असलेला माणूस उगाच सहा महिने चालत सुटत नाही, असं तिचं ठाम मत. जाताना म्हणाली, "आत्ता झालं नसेल तर आल्यावर होईल." तुला हौस आहे म्हणून तू निघाली आहेस, हे कारण कुणालाच पुरत नाही. 'प्रेमभंग' म्हटलं असतं तर एका शब्दात काम झालं असतं, पुरावासुद्धा कुणी मागितला नसता.

"एकटीच?" हा प्रश्न तर सगळ्यांचाच. सुरुवातीला मी खरं ते सांगायचे, की मार्च-एप्रिलमध्ये जॉर्जियाच्या टोकाहून इतके लोक निघतात की रात्रीच्या निवाऱ्यात जागेची मारामार होते. एकटेपणा मिळाला तर नशीब. त्यावर "मग कुणाबरोबर?" असा पुढचा प्रश्न येतो. अनोळखी लोकांबरोबर, असं म्हटलं की चेहरे बघण्यासारखे होतात, आणि दोन मिनिटांत तेच लोक म्हणतात, त्यापेक्षा एकटीच बरी. आता मी पहिल्याच वाक्यात "हो, एकटीच" म्हणते. वेळ वाचतो.

मावशी अस्वलांवर अडून बसली आहे. रोज सकाळी एक व्हिडिओ येतो. पहिल्या व्हिडिओतलं अस्वल तपकिरी, खांद्यावर उंचवटा असलेलं, म्हणजे ग्रिझली. ते तुझ्या वाटेच्या आसपास कुठेही नाही. दुसरं पांढरं होतं आणि बर्फावर सील मारत होतं. मी तिला लिहिलं की तिथे काळी अस्वलं असतात, माणसाची चाहूल लागली की ती बहुतेक वेळा आपणहून निघून जातात, त्यांना तुझ्यापेक्षा तुझ्या खाण्यात जास्त रस असतो, म्हणून खाणं रात्री तंबूत न ठेवता झाडाला उंच टांगतात, नाहीतर अस्वलाला उघडता न येणाऱ्या डब्यात ठेवतात. तिचं उत्तर आलं: "आणि उघडलाच तर?"

खरं म्हणजे तुझ्या खाण्यावर पहिला डल्ला उंदीर मारणार. त्या वाटेवर अडीचशेहून जास्त निवारे आहेत. तीन भिंती, वर छप्पर, चौथी बाजू उघडी, आणि उंदीर तिथले कायमचे रहिवासी. उंदरांचे व्हिडिओ कुणी पाठवत नाही.

गोचिडीचे तर नाहीच नाही. याचं मला नवल वाटतं. अस्वल, साप, चोर, भूत सगळं झालं (हो, भूतही झालं, तुझ्या काकूकडून), पण दीड-दोन मिलिमीटरच्या त्या किड्याचं नाव एकानेही काढलं नाही. लाइमचा आजार त्याच्यामुळे होतो आणि या वाटेच्या बऱ्याचशा भागात ती गोचीड आहे. चावली तरी कळत नाही. अंगावर गोल चट्टा उठतो म्हणतात, पण तो प्रत्येकाला उठतोच असं नाही, त्यामुळे चट्टा नाही म्हणून निर्धास्त राहू नकोस. रोज संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, कानामागे, केसांत हात फिरवून बघायचं. दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, पिळायची नाही. कपड्यांवर परमेथ्रिन, म्हणजे गोचीड मारणारं औषध, मारून ने. आणि मागाहून ताप आला, सांधे धरले, तर 'चालून दमले असेन' म्हणत बसू नकोस, डॉक्टर गाठ. तू अस्वलाच्या तावडीत सापडशील असं मला एकदाही वाटलेलं नाही. या किड्याने मात्र माझी झोप उडवली आहे.

माझ्या ऑफिसातल्या लोकांचं एकच: "बक्षीस किती?" काही नाही म्हटल्यावर, "मग सर्टिफिकेट तरी?" तेही झालं, तर एक गृहस्थ म्हणाले, "पण मॅडम, मधे कुठे बसमध्ये बसली तर कुणाला कळणार?" मला हसू आलं, कारण हा प्रश्न फार जुना आहे. ही वाट बेंटन मॅकाय यांनी १९२१ मध्ये सुचवली, १९३७ मध्ये ती सलग तयार झाली. ती एका दमात कुणी चालेल, असं ती सांभाळणाऱ्या मंडळींनाच वाटत नव्हतं. १९४८ मध्ये अर्ल शॅफर हा युद्धावरून परतलेला तरुण ती पुरी चालून आला, तेव्हा आधी त्याच्यावर शंकाच घेतली गेली. त्याला आपली वही आणि वाटेत काढलेल्या स्लाइड्स दाखवाव्या लागल्या. गडी चिवट निघाला. १९६५ मध्ये उलट्या दिशेने चालला आणि १९९८ मध्ये ऐंशीला टेकलेला असताना पुन्हा. आता तिथली संस्था चालणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवते. मी त्या गृहस्थांना म्हटलं, बसली तर बसू दे, तिकीट तिचं तीच काढणार आहे.

मामा तुझ्याबरोबर येणार होता. सकाळी ठरवलं, दुपारी गुडघा आठवला.

जिममध्ये ट्रेडमिलवर तेवढंच अंतर होईल, असं सुचवणारेही भेटले. सहा महिन्यांचं खाणं पाठीवर कसं मावणार, याची चिंता दोघा-तिघांना आहे. त्यांना मी समजावलं की दर तीन-पाच दिवसांनी वाट एखाद्या गावाजवळून जाते, तिथे सामान भरायचं, अंघोळ करायची, फोन चार्ज करायचा. यावर एकजण हिरमुसला. गावं लागतात म्हणजे मग काय मोठं, असं त्याला वाटलं असावं.

सगळ्यात शहाणा प्रश्न छोट्याने विचारला. सगळे जेवत असताना. "ताईला शी लागली तर?" सगळे हसले, त्याची आई रागावली, पण मी त्याला नीट उत्तर दिलं, रोजच्या रोज करायची गोष्ट विचारणारा तो एकटाच निघाला. बहुतेक निवाऱ्यांजवळ साधा संडास असतो. नसेल तिथे छोट्या खुरप्यासारख्या हत्याराने १५ ते २० सेंटीमीटर खोल खड्डा खणायचा, ओढ्यापासून, वाटेपासून, तंबूच्या जागेपासून निदान ६० मीटर लांब, आणि नंतर बुजवायचा. तो ताटावरून उठून दप्तरातली पट्टी घेऊन आला, पंधरावर बोट ठेवलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "रोज?"

आणि आजी. आजी सगळं ऐकून घेत होती, बोलत नव्हती. अंतर ऐकलं, महिने ऐकले, राज्यं ऐकली, मग एकच विचारलं, "परत येताना पण चालतच का?" घरभर हशा पिकला. पण मनू, मी वाचलंय, तसंही करणारे आहेत. शेवटच्या टोकाला हात लावून उलटे फिरतात आणि पुन्हा पहिल्या टोकाला चालत येतात. तेव्हा प्रश्न बरोबर होता, हसणारे अडाणी.

नंतर मी तिला एम्मा गेटवूडची गोष्ट सांगितली. १९५५ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी ती ही वाट एकटीने एका दमात चालली. असं करणारी ती पहिली बाई. मुलांना फक्त 'जरा चालून येते' एवढंच सांगितलं होतं. घरी शिवलेली कापडी पिशवी खांद्यावर, पायात साधे कॅनव्हासचे बूट, पावसाला बाथरूमचा पडदा. आदल्या वर्षी मेनच्या टोकाने सुरुवात केली होती तेव्हा वाट चुकली, चष्मा फुटला, आणि तिथल्या रखवालदारांनी घरी जा म्हणून सांगितलं. गेली घरी, दुसऱ्या वर्षी दुसऱ्या टोकाने आली. पुढे १९५७ मध्ये पुन्हा चालली आणि १९६४ मध्ये तुकड्यातुकड्यांनी तिसरी फेरीही पुरी केली. आजीने विचारलं, मुलं किती? म्हटलं, अकरा. "अकरा? मग चालायला गेली यात नवल ते काय. परत आली हे नवल."

त्या दिवसापासून आजी तुझ्या बाजूची आहे. कुणी फाटे फोडायला लागलं की 'तिची अकरा मुलं होती' एवढंच म्हणते. ऐकणाऱ्याला काही बोध होत नाही आणि तो गप्प बसतो.

आता लोक जे विचारत नाहीत ते मी विचारते. व्हर्जिनियाचं काय करणार आहेस? सगळ्या वाटेचा जवळजवळ चौथा हिस्सा त्या एका राज्यात आहे, जवळपास ८८० किलोमीटर. आठवड्यांमागून आठवडे जातात, राज्य बदलत नाही, झाडांतून बाहेरचं फारसं दिसत नाही, आणि बऱ्याच जणांचा उत्साह तिथेच मावळतो. तुला रांगेत दहा मिनिटं उभं राहवत नाही. पाय दुखण्याचा सराव तू करते आहेस. कंटाळा येण्याचा केला आहेस का?

आणि मधेच सोडावंसं वाटलं तर? पूर्ण वाट चालायच्या इराद्याने निघालेल्यांपैकी साधारण चारांतला एकच शेवटापर्यंत पोचतो. मी हे तुला घाबरवायला सांगत नाही. मला धास्ती याची आहे की तू दुखऱ्या पायाने पुढे चालत राहशील, ती काकांच्या, आत्याच्या, बसवाल्या गृहस्थांच्या तोंडाकडे बघून. ते करू नकोस. ज्यांनी 'का जातेस' विचारलं तेच 'का आलीस' विचारणार आहेत, आणि ती खिडकी सांभाळायला मी आहे. पण चालणाऱ्या लोकांत एक रीत आहे ती पाळ: भिजलेली, भुकेली, झोप न झालेली असताना घरी परतायचं ठरवायचं नाही. गावात ये, खा, झोप, दुसऱ्या दिवशी ठरव. दुखापत असेल तर मात्र ही रीत गुंडाळून ठेव.

हिशेब उलटीकडून कर. कटाडिनच्या उद्यानात ऑक्टोबरच्या मध्यानंतर मुक्काम करता येत नाही, आणि तिथली हवा त्याच्या आधीच बिघडायला लागते. तेव्हा गावात दोन दिवस जास्त राहायचा मोह झाला की ती तारीख आठव.

बूट संध्याकाळी घ्यायला जा, पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा, आणि जे मोजे घालून चालणार आहेस तेच घालून जा. अर्धा ते एक नंबर मोठे घे. काही आठवडे चालल्यावर पाय पसरतात आणि बरेचदा पूर्वीच्या मापावर येत नाहीत. पुढच्या जोड्या आत्ताच एका मापाच्या घेऊन ठेवू नकोस. चार-पाच जोड्या सहज झिजतील, पण कोणत्या मापाच्या ते तिथेच कळेल.

मला तुझा रोजचा फोन नको. तुझा फोन लागला नाही म्हणून मी कुणाला उठवायचं, आणि किती दिवसांनी, ते मात्र कागदावर लिहून दे. कोणत्या गावाहून कोणत्या सुमाराला फोन करशील त्याची यादीही पाठव, फक्त मला. काकांनी मागितली तरी देऊ नकोस, ते सरासरी काढतील.

तुझी,
आई